पंचवीस शिलिंगांची नोकरी

(द्वितीय वर्ष, कला)

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यापासून मी प्रत्येक सुट्टीत तालुक्याच्या गावी एका बाइंडिंगच्या दुकानात कामाला जातो. फर्मे दुमडायचे, टाके घालायचे, खळ शिजवायची, पुठ्ठ्यावर कापड चढवायचे आणि संध्याकाळी दुकान झाडून कातरण पोत्यात भरायचे, असे ते काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे एवढे शिकून पुढे नोकरी कसली लागणार, हा प्रश्न घरी-दारी सारखा विचारला जातो. खळीने चिकट झालेल्या हातांकडे पाहून कधीकधी मीही तो स्वतःला विचारतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका ग्रंथालयाची फाटकी पुस्तके आमच्याकडे बांधणीला आली. त्यांत मायकेल फॅराडेचे एक चरित्र होते. सुटी झालेली पाने क्रमाने लावताना एका पानावर नजर थबकली. विजेच्या विज्ञानाचा पाया घालणारा हा मनुष्य तरुणपणी पुस्तके बांधण्याचे काम करीत होता, असे तिथे लिहिले होते. मालकांची परवानगी घेऊन पुस्तक घरी नेले आणि दोन रात्रींत वाचून काढले. मग आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्याच्यावर जे मिळाले तेही वाचले. मी कलाशाखेचा विद्यार्थी, तेव्हा त्याच्या शास्त्रीय शोधांवर अधिकाराने लिहिणे माझे काम नव्हे. मला सांगायची आहे ती त्याच्या नोकरीची गोष्ट.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. उत्तर इंग्लंडातील खेडे सोडून ते पोटासाठी लंडनला आले होते. प्रकृती साथ देत नसल्याने त्यांच्या हातून काम होईना आणि घरात चार मुले. 1801 साली धान्य अतिशय महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला सात दिवस पुरवावा लागे, असे सांगतात. शाळेत त्याला लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढेच मिळाले.

1804 साली तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या मुलगा म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असे, म्हणून रीबो ते भाड्याने वाचायला देत असे. एका घरी पत्र द्यायचे, तिथले वाचून झाले की ते आणून दुसऱ्या घरी पोचवायचे, हे मायकेलचे काम. वर्षभरात मालकाने मुलगा पारखला आणि 1805 साली सात वर्षांच्या उमेदवारीवर त्याला बांधणीच्या कामाला घेतले. उमेदवाराने मालकाला फी देण्याची तेव्हा चाल होती. मायकेलने आधीचे वर्ष इमानाने काम केले म्हणून रीबोने ती घेतली नाही.

दुकानात बांधणीला येणारी पुस्तके तो बांधता बांधता वाची. ब्रिटानिका विश्वकोशाचा एक खंड आला, त्यातील विजेवरचा लेख त्याने वाचला. श्रीमती मार्सेट यांच्या रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तकाने तर त्याला वेडच लावले. वाचलेले खरे की खोटे हे पाहण्यासाठी तो चार पैसे जमवून बाटल्या आणि साधने आणी व दुकानातच लहानसहान प्रयोग करून पाही. 1810 साली वडील वारले. त्याच सुमारास टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत, त्यांना तो जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. तो देई त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करीत होता. फॅराडेच्या चरित्रात या भावाचे नाव एका ओळीत येऊन जाते, पण मला ती ओळ ओलांडून पुढे जाता आले नाही. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मागे असा एखादा रॉबर्ट उभा असतो.

1812 च्या वसंतात रीबोच्या एका गिऱ्हाइकाने, विल्यम डान्स यांनी, मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या वेळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चारही व्याख्याने टिपून घेतली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या आणि त्या सर्वांचे एक पुस्तक बांधले. ऑक्टोबरात उमेदवारी संपली. दुसऱ्या एका मालकाकडे तो पगारी कारागीर झाला, पण तिथे मन रमेना. विज्ञानाच्या कामात कुठेही जागा मिळावी म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. मग डिसेंबरात डेव्हींना लिहिले आणि सोबत ते बांधलेले पुस्तक पाठवले. डेव्हींचे उत्तर आले, भेटही झाली, पण जागा नव्हती. हातातला धंदा सोडू नये असाच सल्ला त्यांनी दिला.

1813 च्या फेब्रुवारीत इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेतील मदतनीस मारामारीच्या प्रकरणात कामावरून निघाला. डेव्हींना बांधणीवाल्या मुलाची आठवण झाली. 1 मार्च 1813 रोजी फॅराडेची नेमणूक झाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, माडीवर राहायला दोन खोल्या, शिवाय जळणाचा कोळसा आणि मेणबत्त्या. वय एकवीस.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट बहुधा इथे संपते. तिकिटे मिळाली, पत्र लिहिले, नोकरी लागली आणि फॅराडे मोठा शास्त्रज्ञ झाला. पण मला वाटते, खरी गोष्ट इथे सुरू होते. ज्या प्रयोगाने त्याचे नाव अमर केले तो त्याने 29 ऑगस्ट 1831 रोजी केला. नोकरी लागल्यापासून तोवर साडेअठरा वर्षे गेली. या साडेअठरा वर्षांत त्या मदतनिसाने काय केले, हे आपल्यासारख्यांनी पाहण्यासारखे आहे.

काम काय होते? व्याख्यानापूर्वी उपकरणे मांडायची, व्याख्यान चालू असताना प्राध्यापकाच्या हाताशी उभे राहायचे, नंतर सर्व पुसून, धुऊन जागच्या जागी ठेवायचे. डेव्ही तेव्हा नायट्रोजन आणि क्लोरीन यांच्या एका अत्यंत स्फोटक संयुगावर काम करीत होते. पहिल्या काही आठवड्यांतच प्रयोगशाळेत स्फोट झाले आणि फॅराडेला इजाही झाली. पण हाताशी उभे राहण्याच्या या कामात एक गोष्ट होती. उत्तम व्याख्यान कसे होते आणि वाईट कसे होते हे तो रोज पाहत होता. त्याने ते नुसते पाहिले नाही. बोलणाऱ्याने उभे कसे राहावे, आवाज कसा ठेवावा, प्रयोग श्रोत्यांना दिसेल असा कसा मांडावा, यांवर त्याने त्याच वर्षी आपल्या मित्राला सविस्तर पत्रे लिहिली. पुढे आपले उच्चार आणि वक्तृत्व सुधारण्यासाठी त्याने शिकवणीही लावली.

नोकरीला सात महिने होतात न होतात तोच, ऑक्टोबर 1813 मध्ये, डेव्ही पती-पत्नी युरोपच्या प्रवासाला निघाले आणि फॅराडेला सोबत नेले. त्याने जायचे होते प्रयोगातला मदतनीस म्हणून. पण डेव्हींचा नोकर ऐन वेळी यायला तयार झाला नाही आणि दुसरा मिळेपर्यंत त्याची कामे फॅराडेने सांभाळावी असे ठरले. दुसरा नोकर शेवटपर्यंत मिळालाच नाही. लेडी डेव्हींना हाताखालच्या माणसावर हुकमत गाजवण्याची हौस होती आणि त्या फॅराडेला त्याची पायरी वेळोवेळी दाखवून देत. परक्या देशात, भाषा येत नाही, अंगावर गडीकाम, अशा स्थितीत तो इतका खचला की सारे सोडून परत जावे आणि पुन्हा पुस्तके बांधावीत, असे विचार त्याने पत्रांतून मित्राला कळवले.

हे वाचताना मला माझा एक दिवस आठवला. एका ठिकाणी बांधलेली रजिस्टरे पोचवायला गेलो असता, बाहेर चपलांच्या जागेशी तासभर उभे राहायला लावले होते. घरी येऊन पुन्हा जाणार नाही म्हणून बसलो होतो. म्हणून फॅराडे त्या प्रवासातून परत का फिरला नाही, याचे उत्तर मी चरित्रात मुद्दाम शोधले. सहनशीलता हा मोठा गुण म्हणून तो राहिला, असे मला वाटत नाही. तो राहिला तो हिशेब करून. पॅरिसमध्ये आयोडीन हा नवा पदार्थ डेव्ही तपासत असताना तो शेजारी होता. फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाने सूर्याचे ऊन एकवटून डेव्हींनी हिरा जाळला आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन हे दाखवले, तेव्हाही तो तिथे होता. मिलानमध्ये विद्युत्‌घटाचा जनक व्होल्टा त्याला पाहायला मिळाला. फ्रेंच आणि इटालियन भाषा त्याने वाटेत शिकून घेतल्या. ज्याला विद्यापीठाचे दार बंद होते त्याच्यासाठी तो प्रवास हेच विद्यापीठ होते. अपमान ही त्याची फी होती, आणि आपल्याला काय मिळते आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्याने ती भरली.

एप्रिल 1815 मध्ये सर्वजण लंडनला परतले. मे महिन्यात फॅराडे पुन्हा कामावर रुजू झाला. पगार आठवड्याला तीस शिलिंग झाला आणि उपकरणांची देखरेख त्याच्याकडे आली. खाणीत स्फोट होऊ नये म्हणून डेव्हींनी त्याच वर्षी सुरक्षादीप तयार केला, त्या कामात त्याने मदत केली. 1816 मध्ये त्याचा पहिला छोटासा निबंध छापून आला, टस्कनीतील एका चुन्याच्या पृथक्करणावर. मग पोलाद, वायू, कार्बन आणि क्लोरीनची संयुगे असे एकेक विषय त्याने हातावेगळे केले. मदतनिसाची जागा तीच होती, पण तिच्यात मावणारे काम दरवर्षी वाढत होते. 1821 मध्ये त्याला इमारतीचा व्यवस्थापक नेमले. त्याच वर्षी 12 जूनला सारा बर्नार्डशी त्याचा विवाह झाला आणि दोघांनी संसार मांडला तो त्याच इमारतीत.

आणि त्याच वर्षी पहिले मोठे यश आणि पहिले मोठे संकट एकदम आले. आदल्या वर्षी डेन्मार्कच्या ओर्स्टेडने विजेचा प्रवाह चुंबकसूचीला हलवतो हे दाखवले होते. सप्टेंबर 1821 मध्ये फॅराडेने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा ठेवून, वीज वाहणारी तार त्याभोवती गरगर फिरत राहते हे सिद्ध केले. आजच्या प्रत्येक विजेच्या मोटारीचे मूळ इथे आहे. पण निबंध छापण्याच्या घाईत, अशाच विषयावर विचार करणाऱ्या वोलास्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा उल्लेख त्याने केला नाही. लोहाराच्या पोराने थोरामोठ्यांची कल्पना चोरली, अशी कुजबूज सुरू झाली. वास्तविक वोलास्टन यांची कल्पना वेगळी होती. फॅराडेने त्यांना पत्र लिहून भेट मागितली आणि आपली बाजू मांडली. त्यांनी ती समजून घेतली.

ज्यांनी नोकरी दिली त्या डेव्हींचे मन मात्र फिरले. 1823 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी फॅराडेचे नाव सुचवले गेले, तेव्हा डेव्ही सोसायटीचे अध्यक्ष होते. सूचनापत्रावर पहिली सही वोलास्टन यांची होती आणि विरोध होता तो डेव्हींचा! त्यांनी फॅराडेला अर्ज मागे घ्यायला सांगितले. अर्ज मी केलेला नाही, सुचवणाऱ्यांनी केला आहे, तेव्हा तो मला मागे घेता येणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. 8 जानेवारी 1824 रोजी तो निवडून आला. विरुद्ध मत फक्त एक पडले.

या प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबलो. प्रवासात डेव्हींच्या घरची गडीकामे करणारा हाच मनुष्य. तिथे तो वाकला आणि इथे वाकला नाही. काम हलके असेल तर ते करण्यात कमीपणा नाही. पण स्वतःच्या कष्टाने मिळवलेली जागा मालकाच्या लहरीखातर सोडून देणे ही नम्रता नव्हे, एवढी समज त्याला होती. तरीही डेव्हींविषयी त्याने पुढे कटुता बाळगली नाही. डेव्हींनीही त्याची योग्यता नाकारली नाही. फेब्रुवारी 1825 मध्ये फॅराडे प्रयोगशाळेचा संचालक झाला, तो त्यांच्याच शिफारशीवरून. बाटल्या धुवायला आलेला मुलगा बारा वर्षांत त्या खोलीचा प्रमुख झाला.

संस्थेची आर्थिक स्थिती त्या वेळी बेताची होती. फॅराडेने सभासदांसाठी शुक्रवारच्या संध्याकाळी व्याख्याने सुरू केली. मुलांसाठी नाताळातील व्याख्यानमालाही त्याच काळात सुरू झाली. त्यांतील एकोणीस माला त्याने स्वतः गुंफल्या. या दोन्ही परंपरा लंडनमध्ये आजही चालू आहेत. 1827 मध्ये लंडनच्या नव्या विद्यापीठाने त्याला रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा देऊ केली. ज्या संस्थेने आपल्याला आसरा दिला ती अडचणीत असताना सोडणे बरोबर नाही, या भावनेने त्याने ती नाकारली. व्यापारी मंडळींना पृथक्करण करून देण्याच्या कामातून 1830 च्या सुमारास त्याची मिळकत वर्षाला हजार पौंडांच्या घरात गेली होती. संस्थेचा पगार वर्षाला शंभर पौंड. संशोधनाला वेळ उरेना, तेव्हा त्याने ही बाहेरची कामे जवळजवळ बंद केली. माझ्या वडिलांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि असे करायला घरात आधी पोटापुरते असावे लागते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. फॅराडेला घर, कोळसा आणि मेणबत्त्या संस्थेकडून होत्या आणि मूलबाळ नव्हते. पण पोटापुरते मिळाल्यावर कुठे थांबायचे हे ठरवणे फार थोड्यांना जमते, हेही तितकेच खरे.

असा मोकळा झालेला वेळ त्याने कशाला दिला? 29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकीत विद्युत्‌घटातून प्रवाह सोडला आणि दुसरीजवळ चुंबकसूची ठेवली. प्रवाह सुरू करताच सूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. प्रवाह बंद करताच ती पुन्हा हलली. प्रवाह नुसता चालू असताना काहीच होत नव्हते. म्हणजे वीज निर्माण करतो तो बदल. 17 ऑक्टोबरला वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर करून त्याने प्रवाह मिळवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सतत वाहणारा प्रवाह. कोयनेच्या धरणाचे पाणी जनित्र फिरवते आणि आपल्या खोलीत दिवा लागतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

पुढची वाट थोडक्यात सांगतो. 1833 मध्ये त्याच संस्थेत तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्युत्‌विश्लेषणाचे नियम त्याने मांडले. 1845 मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवले. उच्च गणित त्याला कधीच आले नाही. चुंबकाभोवती बलरेषा असतात ही त्याची कल्पना गणिताच्या भाषेत मांडली ती मॅक्सवेलने. ही उणीव त्याने लपवली नाही आणि तिच्यासाठी अडूनही राहिला नाही. प्रयोगाच्या वहीतील परिच्छेदांना तो क्रमांक देई. शेवटचा क्रमांक 16041 आहे. या कष्टांची किंमतही त्याला द्यावी लागली. 1840 च्या सुमारास प्रकृती ढासळली, काही वर्षे काम जवळजवळ थांबले आणि विसरभोळेपणा कायमचा मागे लागला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने दोनदा नाकारले, सर ही पदवीही नाकारली. 1860 च्या नाताळात मुलांसमोर त्याने शेवटची माला गुंफली. तिचा विषय होता साधी मेणबत्ती. 25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे, राणीने राहायला दिलेल्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या त्याला मृत्यू आला.

नोकरी म्हणजे आधीच मापे घेऊन ठेवलेला अंगरखा, तो आपल्याला बसला तर बसला, असे मी आजवर समजत होतो. फॅराडेला मिळालेली जागा दुसऱ्या कुणाकडून सुटलेली होती, तिचे काम बाटल्या धुण्याचे होते आणि तिच्यात पुढे काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नव्हते. तो त्या घरातून दुसरीकडे गेला नाही. त्याने तीच जागा आतून रुंद केली. त्याला डान्स भेटले, डेव्ही भेटले, हे त्याचे नशीब. सगळ्यांनाच ते भेटत नाहीत, म्हणून ही गोष्ट सांगून कुणाला खोटी आशा लावणे मला योग्य वाटत नाही. पण ती व्याख्याने लिहून काढणे आणि त्यांचे पुस्तक बांधणे हे नशिबाचे काम नव्हते.

ते चरित्र मी नंतर दुकानात नेऊन बांधले. टाके जरा जवळ जवळ घातले, कारण ते पुष्कळ हातांतून जावे असे वाटत होते. आता बांधणीला आलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव मी एका वहीत लिहून ठेवतो आणि खळ वाळेपर्यंत त्याची चार पाने वाचतो. नोकरी कसली लागणार, या घरच्या प्रश्नाला अजून माझ्याजवळ उत्तर नाही. लागेल तिचे मी काय करीन, हा दुसरा प्रश्न मात्र आता माझा मीच स्वतःला घालू लागलो आहे.